दगडाखालचा इतिहास

‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ असं आपण सहज म्हणून जातो. बदलीच्या नोकरीतला माणूस असो, ऊसतोडीला निघालेलं कुटुंब असो, नाहीतर दर अकरा महिन्यांनी भाड्याची खोली बदलणारा मुंबईकर असो, सगळ्यांना ही म्हण लागू पडते. पण ज्या कुणी ती पहिल्यांदा वापरली, त्यानं किंवा तिनं विंचवी नीट पाहिली असणार. कारण हे बिऱ्हाड खरंच असतं. विंचू अंडी घालत नाही. पिलं जिवंत जन्माला येतात, आईच्या पायांवरून चढून तिच्या पाठीवर जातात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथंच राहतात. तांदळाच्या दाण्यांसारखी पांढरी, मऊ, एकमेकांना बिलगून बसलेली ही पिलं मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा म्हण रचणाऱ्या त्या अनामिक निरीक्षकाला मनोमन नमस्कार केला.

गंमत अशी, की ज्या गावात ही म्हण आहे त्याच गावात दुसरीही एक समजूत आहे. विंचवी व्याली की पिलं तिची पाठ पोखरून खातात आणि ती मरते, असं जाणती माणसंही सांगतात. हे मात्र खरं नाही. दृश्य तेच, पाठीवरच्या पिलांचं. एकानं ते शेवटपर्यंत पाहिलं, दुसऱ्यानं अर्धवट पाहून उरलेलं कल्पनेनं भरून काढलं. विंचवाच्या शोधाचा सगळा इतिहास मला या दोन वाक्यांमध्ये दिसतो. वाकून, थांबून, शेवटपर्यंत पाहणारी माणसं नेहमीच थोडी होती. पण त्यांनी पाहिलेलं पुढे किती कामाला आलं, ते आज सांगायचं आहे.

आपलं आणि विंचवाचं नातं बहुधा चपलेपुरतंच असतं. दिसला की ठेचायचा. चावला की मांत्रिक गाठायचा. एकनाथ महाराजांनी विंचवावर भारूड रचलं आणि त्यात विंचू म्हणजे काम-क्रोध असं रूपक केलं, ते लोकांना तत्काळ भिडलं. कारण नांगीची वेदना कशी चढत जाते हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण कुठला विंचू चावला, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नव्हता. मोठा काळा तो इंगळी आणि बाकी सगळे विंचू, एवढ्यावर आपलं वर्गीकरण संपत होतं. भीतीही आकाराप्रमाणे. इंगळी दिसली की अंगणात आरडाओरडा, आणि सरपणातून निघालेला बोटाएवढा तांबूस विंचू म्हणजे किरकोळ गोष्ट. प्रत्यक्षात हिशेब नेमका उलटा आहे, हे समजायला फार मोठा काळ जावा लागला.

या तांबूस विंचवाला शास्त्रीय नाव मिळालं ते १७९८ साली. योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस हा डॅनिश कीटकशास्त्रज्ञ, थोर वर्गीकरणकार लिनियसचा शिष्य. त्यानं या विंचवाच्या नावात ‘टॅम्युलस’ हा शब्द घातला, म्हणजे तमिळ मुलखातला. पुढे या विंचवाची प्रजाती तीनचारदा बदलली. जुन्या पुस्तकांत तो ‘ब्युथस’ असतो, नंतर ‘मेसोब्युथस’ होतो, आज ‘हॉटेनटोटा’ आहे. ‘टॅम्युलस’ मात्र टिकून राहिलं. कोकणातल्या शेतकऱ्याला ज्यानं आयुष्यभर धास्तावलं, त्याचं नाव युरोपातल्या एका लॅटिन ग्रंथात नोंदलं गेलं होतं. ग्रंथ आणि शेतकरी यांची गाठ पडायला पुढे पावणेदोनशेहून अधिक वर्षं लागली.

एकोणिसाव्या शतकात उष्ण कटिबंधातल्या जंगलांमध्ये छोटे जीव गोळा करण्याची एक लाटच आली. हे काम प्रत्यक्षात कसं चालायचं, याचं उत्तम वर्णन आल्फ्रेड रसेल वॉलेसनं ठेवलं आहे. डार्विनबरोबर ज्याचं नाव घेतात तोच हा वॉलेस. १८५५ साली तो बोर्निओ बेटावर, सारावाकमधल्या सिमुंजॉन इथे राहिला होता. तिथे कोळशाची खाण सुरू होत होती. रस्त्यासाठी झाडं पडत होती, ओंडके कुजत होते आणि त्या ओंडक्यांवर, सालींखाली भुंगेऱ्यांची नुसती जत्रा भरलेली. वॉलेसनं तिथल्या चिनी आणि दायाक मजुरांना सांगून ठेवलं, की आणलेल्या प्रत्येक किड्याला एक सेंट मिळेल. सिमुंजॉनला त्याला भुंगेऱ्यांचे सुमारे दोन हजार प्रकार मिळाले आणि तेही जेमतेम चौरस मैलभर जागेत. १८५४ ते १८६२ या आठ वर्षांत त्यानं त्या बेटांवरून सव्वा लाखाहून अधिक नमुने जमवले.

या हकिगतीतल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही, की त्या रानातले छोटे जीव माणसाला भरभरून दिसले, ते रान तुटत असताना. आणि दुसरी ही, की शोधणारे हात बहुतेक वेळा दुसऱ्याचेच होते. वॉलेसचा मोठेपणा असा, की त्यानं आपल्या अली नावाच्या मलाय साथीदाराचा उल्लेख पुस्तकात आपुलकीनं केला. मोलुक्का बेटांवरचा एक अपूर्व पक्षी आज वॉलेसच्या नावानं ओळखला जातो, तो प्रथम अलीनं आणून दिला हेही त्यानं लिहून ठेवलं. अशी नोंद प्रत्येकाच्या वाट्याला आली नाही.

आपल्याकडे या कामाला संस्थेचं रूप आलं ते मुंबईत. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांमध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते, हे मुद्दाम सांगायला हवं. सुरुवातीच्या काळात संस्थेचा संग्रह हर्बर्ट फिप्सन या मद्यव्यापाऱ्याच्या फोर्ब्स स्ट्रीटवरच्या दुकानात असे. एकीकडे दारूच्या बाटल्या, दुसरीकडे स्पिरिटमध्ये बुडवलेले साप, पाली आणि विंचू! गावोगावचे वनाधिकारी, रेल्वेचे इंजिनीअर, लष्करातले डॉक्टर काहीबाही पाठवत राहत. यांतले पुष्कळसे अष्टपाद जीव पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये रेजिनाल्ड पोकॉकच्या टेबलावर पोचले.

पोकॉक १८८५ साली त्या संग्रहालयात रुजू झाला आणि कोळी, विंचू, गोमी हे त्याचं खातं झालं. त्यानं १८९३ साली आपल्याकडच्या एका मोठ्या काळ्या विंचवाला फिप्सनचं नाव दिलं. लांब चाबकासारखे पाय असलेला, चपटा, कोळ्यांच्या नात्यातला एक निशाचर जीव आहे, त्यालाही पुढच्या वर्षी हेच नाव मिळालं. मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉबर्ट रॉटन मुंग्यांचे अभ्यासक. पोकॉकच्या नादानं तेही विंचू जमवू लागले आणि त्यांचंही नाव एका विंचवाला लागलं. या सगळ्यांतून १९०० साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालिकेतला पोकॉकचा अष्टपाद जीवांवरचा खंड निघाला. भारतातल्या विंचवांची नीट मांडणी करणारा हा पहिला मोठा ग्रंथ.

त्या काळातल्या नमुन्यांच्या चिठ्ठीवर गावाचं नाव असतं, पाठवणाऱ्या साहेबाचं नाव असतं. दगड ज्यानं उलटला त्याचं नाव सहसा नसतं. सह्याद्रीत हिंडलेल्या कुणालाही विचारा, रान खऱ्या अर्थानं कुणाला वाचता येतं? ठाकर, कातकरी, धनगर यांना. जमिनीतलं अर्धचंद्राच्या आकाराचं भोक दिसलं की आत इंगळी आहे, हे ओळखायला त्यांना पोकॉकचा खंड लागत नाही. फिप्सन आणि रॉटन यांच्या नावांचे विंचू आहेत. पण त्यांच्यापुढे टोपली आणून ठेवणारा शिपाई किंवा मजूर इतिहासातून सुटून गेला. ही रुखरुख मला कायम वाटत आली आहे.

असो. नावं दिली गेली, ग्रंथ झाले, तरी चाव्यानं मरणारी माणसं मरतच होती. कोकणात त्याचं प्रमाण भयंकर होतं. जांभ्या दगडाचे गडगे, पेंढ्याच्या उडव्या, कौलांच्या फटी, सरपणाच्या राशी म्हणजे लाल विंचवाला राहायला बांधून दिलेली घरंच. पेरणीआधी बांध साफ करताना, कापणीच्या दिवसांत पेंढ्या उचलताना हात जिथे जातो तिथेच तो असतो. दंशानंतर आधी दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, आणि काही तासांत धाप लागून तोंडातून फेस. माणूस, बहुतेकदा लहान मूल, डोळ्यांदेखत जाई. दंश गंभीर असेल तर शंभरातले पंचवीस-तीस रुग्ण दगावत.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांनी जे केलं, ते एका अर्थी प्राणिशास्त्रज्ञाचंच काम होतं. रुग्णाच्या खाटेशी रात्र रात्र बसून ते नाडी, रक्तदाब, श्वास लिहून ठेवत राहिले. पाहणं अर्धवट सोडलं नाही. त्यातून उलगडलं ते असं. लाल विंचवाच्या विषानं शरीरातल्या मज्जातंतूंचं भान सुटतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब भडकतो, हृदय थकतं आणि शेवटी फुप्फुसात पाणी साचतं. १९८२ साली त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आली. मग रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे रक्तदाबावरचं साधं, स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिलं. १९८६ साली डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्याचे निष्कर्ष पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. शंभरात तीसपर्यंत जाणारं मृत्यूचं प्रमाण एकावर आलं. पुढे लाल विंचवाच्या विषापासून प्रतिविषही तयार झालं. प्राझोसिनला त्याची जोड दिली तर रुग्ण लवकर सावरतो, हे बावस्कर दांपत्यानं ७० रुग्णांच्या अभ्यासातून २०११ साली दाखवलं. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

आता इथे १७९८ सालचं ते नाव पुन्हा आठवा. प्रतिविष ‘विंचवा’चं नसतं, विशिष्ट जातीच्या विंचवाचं असतं. विष कोणाचं काढायचं, कोणत्या चाव्यावर काय करायचं, हे जात ओळखल्याशिवाय ठरत नाही. रुग्णाबरोबर अनेकदा मारलेला विंचू कागदात गुंडाळून आणलेला असतो. तो टॅम्युलस आहे की दुसरा कुणी, हे ओळखता आलं की डॉक्टरांचं अर्धं काम होतं. संग्रहालयातल्या धूळ खाणाऱ्या बाटलीचा आणि खाटेवर तळमळणाऱ्या पोराचा संबंध असा आहे. ‘किडे-मकोडे गोळा करून काय मिळतं?’ असं विचारणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगतो.

एक ढोबळ खूण सांगून ठेवतो. ज्याच्या पुढच्या नांग्या जाड आणि शेपूट बारीक, तो बहुधा नांग्यांच्या जोरावर शिकार करतो, त्याचं विष सौम्य. ज्याच्या नांग्या सडसडीत आणि शेपूट जाड, त्याचा भरवसा विषावर. आपली काळी इंगळी पहिल्या गटातली, लाल विंचू दुसऱ्या. पण ही खूण शहाणपणासाठी, धाडसासाठी नाही. विंचू कुठलाही चावो, वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. मंत्र, मुळ्या, दगड चिकटवणं यांत जाणारा तासच नेमका मोलाचा असतो.

शोधाच्या तंत्रातही मधल्या काळात मोठा बदल झाला. शतकानुशतकं विंचू शोधायचा म्हणजे दिवसा दगड उलटायचे, साली सोलायच्या, बिळं खणायची. त्यात शोधणाऱ्याच्या बोटांना धोका आणि जीवाच्या घराची नासधूस. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधांतून एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. अतिनील किरण पडले की विंचवाची कात हिरव्या-निळ्या तेजानं चमकते. १९७२ साली अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या स्टानकी या शास्त्रज्ञानं हा दिवा रानात वापरायचं साधन म्हणून मांडला. पूर्वी जड बॅटऱ्या पाठीवर घ्याव्या लागत. आता खिशात मावणारी टॉर्च पुरते.

अमावास्येच्या आसपास, पावसाळ्याच्या तोंडावर, सह्याद्रीतल्या एखाद्या कातळावर हा दिवा फिरवून पाहावा. जिथे दिवसा काहीच नव्हतं, तिथे खडकाच्या फटीफटीतून हिरवे ठिपके उजळतात. कुणी झुरळ धरून बसलेला, कुणी झाडाच्या सालीवर पसरलेला, कुणी नुसता बिळाच्या तोंडाशी नांग्या पुढे करून वाट पाहणारा. चांदण्या रात्री हेच विंचू फारसे बाहेर येत नाहीत. नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही, आणि स्पिरिटमध्ये वर्षानुवर्षं पडलेला मात्र अजूनही चमकतो. विंचवाला स्वतःला या चमकण्याचा उपयोग काय, यावर शास्त्रज्ञांमध्ये आजही वाद आहे. पण पाहणाऱ्याला उपयोग असा, की दगड न हलवता, कुणाला न दुखावता एका रात्रीत मोजदाद करता येते.

पोकॉकनंतरचं दुसरं मोठं पाऊल आपल्या माणसांनी टाकलं. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे बी. के. टिकादर आणि पुण्याच्या पश्चिम विभागीय केंद्रातले डी. बी. बस्तवडे यांनी १९८३ साली भारतातल्या विंचवांवरचा स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. आजही नवीन विंचू सापडला की अभ्यासक आधी तो ग्रंथ उघडतो. आणि नवीन विंचू सापडतात! २०१० साली झीशान मिर्झा आणि राजेश सानप या तरुणांनी एका नव्या जातीचं वर्णन केलं. ती कुठल्या अगम्य दरीत मिळाली नव्हती. मुंबईत, आरे दुग्ध वसाहतीच्या परिसरात मिळाली, म्हणून तिच्या नावातच आरे आहे. कोट्यवधींच्या शहराच्या मधोमध एक जीव राहत होता आणि त्याला नाव नव्हतं. फिप्सनच्या विंचवाचंही २०२० साली पुन्हा वर्गीकरण झालं. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातल्या अभ्यासकांनी त्याला ‘डेक्कनोमेट्रस’ या नव्या प्रजातीत घातलं. दख्खनचं नाव अशा रीतीनं विंचवांच्या घराण्यात रुजू झालं.

विंचू पृथ्वीवर चाळीस कोटी वर्षांहून अधिक काळ आहेत. डायनोसॉर आले आणि गेले, विंचवानं आपला आराखडा फारसा बदलला नाही. पण त्याची एक अडचण आहे. विंचू फार लांब जात नाही. एखाद्या जातीचं सगळं जग म्हणजे एक डोंगर, एक सडा, एक देवराई असू शकतं. वाघ एका रानातून दुसऱ्या रानात जाईल, विंचू जाणार नाही. जांभ्याचा सडा चिरेखाणीत गेला, की त्या फटींमधलं सगळं गणगोत ट्रकमध्ये चढतं. कातळाच्या आधारानं जगणाऱ्या छोट्या पाली, ओल्या मातीतली देवगांडुळं, रानगोगलगायी यांचीही तीच गत. वॉलेसला सिमुंजॉनला जे दिसलं, तेच आपल्याकडे चाललं आहे. फरक एवढाच, की तोडणाऱ्याच्या मागे किडे वेचायला कुणी उभं असतंच असं नाही.

विंचू वाचवा म्हटलं की लोक हसतात. मी त्यांना दोष देत नाही, ज्याच्या घरात चावा झाला आहे त्याला तर मुळीच नाही. पण लाल विंचवाच्या भीतीपायी आपण शंभराहून अधिक जातींना चपलेखाली घेतो, त्यांतल्या बहुतेकांनी माणसाचं कधी फारसं वाईट केलेलं नसतं. ते झुरळं, रातकिडे, वाळवी खातात आणि स्वतः पिंगळ्याच्या, मुंगसाच्या पोटात जातात. घरात निघाला तर लांब चिमट्यानं किंवा बरणी पालथी घालून, खाली पुठ्ठा सरकवून बाहेर नेऊन सोडता येतो. सरपण, पेंढा उचलताना आधी काठीनं हलवावा, बूट घालण्याआधी झटकावेत, मुलांना अंधारात अनवाणी फिरू देऊ नये. भीतीपेक्षा ही सावधगिरी जास्त जीव वाचवते.

आणि कधी रानात गेलात, कुतूहलानं एखादा दगड उचललात, तर तो आपल्या बाजूनं नव्हे, पलीकडच्या बाजूनं उचला, म्हणजे खाली जो असेल त्याच्या आणि तुमच्यामध्ये दगड राहील. पाहून झालं की दगड होता तसाच, त्याच खोबणीत अलगद परत ठेवा. ती खोबण, तो ओलावा, ती फट एका दिवसात तयार झालेली नसते. कुणाचं तरी बिऱ्हाड तिथे असतं.